पेढीवरचे मौन

बोईसरच्या बाजारपेठेत सकाळी दुकानांची शटर वर जाऊ लागली की एखाद्या पेढीवर गल्ल्याशेजारच्या खुर्चीत सत्तरीकडे झुकलेले एक गृहस्थ आणून बसविले जातात. पेढी त्यांनीच उभी केलेली. व्यवहार आता दोन मुलांच्या हाती. त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा तर्जनीवर सतत फिरत असतो, जणू नोटांची गड्डी मोजून संपतच नाही. चाळीस वर्षांचे जुने गिऱ्हाईक समोर येऊन "जय जिनेंद्र, शेठ" म्हणते. शेठ किंचित मान हलवितात, चेहऱ्यावरची रेषाही हलत नाही. पूर्वी उधारीचा एकेक आकडा तोंडपाठ असलेला हा मनुष्य आता भाव विचारला तरी मुलाकडे बोट दाखवितो. घरची मंडळी समाधानाने सांगतात, "बापूजींनी आता संसारातून मन काढून घेतले आहे. या वयात वैराग्य येतेच."

हे चित्र कोणा एका घरचे नव्हे. पालघर, बोईसर, तारापूर या पट्ट्यातील ज्या ज्या घरात कंपवाताने, म्हणजे पार्किन्सन्सने, पाऊल टाकले आहे त्यांपैकी अनेकांना ते आपलेच वाटेल. वैराग्याची ही समजूत मात्र तपासून पाहण्याजोगी आहे. ठिकठिकाणच्या पाहण्यांचा एकत्रित हिशेब असे सांगतो की, कंपवाताच्या रुग्णांपैकी सुमारे ३५ टक्के जणांना दखल घ्यावी इतक्या प्रमाणात नैराश्य आलेले असते. आजाराच्या दुःखापोटी ते येते असे मानण्याची रीत आहे. वैद्यकशास्त्र आता त्याला आजाराचाच एक भाग मानते. कित्येकदा हात कापू लागण्याच्या काही वर्षे आधीच ते येऊन बसलेले असते. त्या वेळी घरात कोणी म्हणते, धंद्याची चिंता लागली आहे. कोणी म्हणते, मुलीचे लग्न झाल्यापासून पप्पा एकटे पडले. पुढे कंप दिसू लागतो, सर्वांचे लक्ष हाताकडे जाते आणि मन मागेच राहते.

याला थोडा इतिहासही कारणीभूत आहे. लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या आजारावर एक छोटी पुस्तिका लिहिली. त्यात सहा रुग्णांची निरीक्षणे होती आणि त्यांतील काही जण तर त्यांनी केवळ रस्त्यात पाहिलेले होते. चालण्यातील उतावीळ पावले, पुढे झुकलेले शरीर, विश्रांतीतही न थांबणारा कंप या गोष्टी त्यांनी अचूक टिपल्या. मात्र रुग्णाची बुद्धी आणि संवेदना शाबूत राहतात, असेही त्यांनी नोंदविले. त्या काळाच्या मानाने निरीक्षण उत्तमच होते. पण हा हातापायांचा आजार आहे, मनाशी त्याचा संबंध नाही, अशी समजूत त्यामुळे रूढ झाली ती दीर्घकाळ टिकली. आयुर्वेदाने दिलेल्या 'कंपवात' या नावातही कंपच पुढे आहे.

मेंदूच्या खालच्या भागात 'सबस्टॅन्शिया नायग्रा' नावाचा एक काळसर पट्टा असतो. तेथील पेशी डोपामिन हे द्रव्य तयार करतात. या पेशी हळूहळू नष्ट होत जातात आणि निम्म्याहून अधिक गेल्यानंतरच कंप व ताठरपणा डोळ्यांना दिसतो. भांडवलाचा मोठा हिस्सा संपल्यावर तोटा ताळेबंदात उतरावा, तसे हे आहे. डोपामिनचे काम केवळ हात-पाय हलविण्याचे नाही. एखादी गोष्ट करावीशी वाटणे, केल्यावर बरे वाटणे, उद्याची वाट पाहणे, यांतही त्याचा वाटा असतो. शिवाय मनाची स्थिती सांभाळणारी सेरोटोनिन आणि नॉरॲड्रेनालिन ही द्रव्ये तयार करणाऱ्या पेशींवरही हा आजार घाला घालतो. म्हणून "मन घट्ट करा", "नवकार मोजा, सगळे ठीक होईल", असे सांगणे म्हणजे मधुमेह असलेल्याला "इच्छाशक्तीने साखर उतरवा" असे सांगण्यासारखे आहे. नवकाराने धीर येतो हे खरेच. पण औषधाचे काम औषधानेच करावयाचे असते.

हे नैराश्य ओळखू न येण्याचे दुसरे कारण म्हणजे दोन्ही आजारांचे चेहरे सारखे असतात. कंपवातात चेहऱ्याचे स्नायू आखडतात, पापण्या कमी लवतात, आवाज बारीक व एकसुरी होतो, हालचाली मंदावतात, झोप तुटते, वजन उतरते. नैराश्यातही यांतील बरेच दिसते. त्यामुळे घरच्यांना सर्व लक्षणे 'त्या कंपाचीच' वाटतात आणि तपासणीच्या घाईत डॉक्टरांच्या नजरेतूनही नैराश्य निसटू शकते. उलट चूकही होते: चेहरा निर्विकार आहे म्हणून रुग्ण उदास आहे असे सर्वांनी ठरविलेले असते, आणि तो मात्र आतून नातवाच्या खोड्यांवर हसत असतो. चेहरा वाचून येथे काही कळत नाही. विचारावे लागते. पूर्वी ज्या गोष्टींत रस होता, म्हणजे बाजाराची खबर, नातवंडे, सकाळचे वर्तमानपत्र, व्याख्यान, त्यांत आता मन लागते का? सकाळी उठताना दिवस नकोसा वाटतो का? आपण घरावर ओझे झालो आहोत असे मनात येते का? असे प्रश्न मुलाने वडिलांना विचारण्याची आपल्या घरांत रीत नाही, हीच खरी अडचण आहे. बाप-लेकाचे बोलणे स्टॉक, जीएसटी आणि वसुली यांपलीकडे जात नाही.

आता वैराग्याविषयी. आपल्या परंपरेने ध्यानाचे चार प्रकार सांगितले: आर्त, रौद्र, धर्म आणि शुक्ल. आर्तध्यानात इष्टाचा वियोग, अनिष्टाचा संयोग आणि शरीराची वेदना यांचेच चिंतन मनात घोळत राहते. विरक्त मनुष्य वस्तूंपासून दूर जातो, पण त्याच्या ठायी शांती वाढते. जीवमात्रांविषयी मैत्री वाढते. बोलणे कमी झाले तरी दृष्टीत प्रसन्नता असते. नैराश्यातील मनुष्यही दूर जातो. परंतु रात्री तीन वाजता जागा होऊन तो आपल्या चुकांची उजळणी करतो, स्वतःला दोष देतो, स्वाध्यायाचे पुस्तक उघडतो आणि एकाच पानावर अर्धा तास थांबतो. बाहेरून दोघेही खुर्चीत शांत बसलेले दिसतात. आपल्या वडिलांना कोणते मौन लाभले आहे, हे ज्याला त्याला जवळ बसूनच कळेल. मात्र आर्तध्यान म्हटले म्हणून रुग्णाला दोषी धरण्याचे कारण नाही. "अशुभ कर्माचा उदय आहे, भोगावे लागते", असे सांत्वन नातेवाईक सहज करून जातात. ज्याच्यासाठी ते बोलले जाते, त्याच्या कानात ते आरोपासारखे शिरते. चार प्रकारच्या दानांत औषधदान सांगितले आहे आणि आजाऱ्याची सेवा, वैयावृत्त्य, हिची गणना तर आभ्यंतर तपात केली आहे. आजारावर उपचार करू नयेत असे शास्त्राने कोठेही म्हटलेले नाही.

व्यापारी मनुष्याच्या बाबतीत या उदासीची सुरुवात पुष्कळदा एका कागदावर होते. कंपवातात अक्षर लहान होत जाते. ओळीच्या आरंभी ठीक असलेले अक्षर शेवटी मुंगीएवढे होते. चोपडापूजनाच्या दिवशी पहिल्या पानावर 'श्री' काढताना हे प्रथम लक्षात येते आणि बँकेतून धनादेश 'सही जुळत नाही' या शेऱ्यासह परत आला की सर्वांना कळते. मग मुलगा सोयीचा मार्ग काढतो: खात्यावर स्वतःची सही, व्यवहार मोबाइलवर, तिजोरीची किल्ली सुनेकडे. हेतू चांगला असतो. पण ज्या सहीवर पन्नास वर्षे बाजारात माल उचलला गेला ती एका दुपारी निरुपयोगी ठरते, आणि त्याविषयी घरात कोणी दोन शब्द बोलत नाही. वास्तविक बँकेत नव्या नमुन्याची सही देता येते. सही अजिबात जमत नसेल तर अंगठ्याच्या ठशावर, बँकेला परिचित अशा दोन साक्षीदारांसमोर, त्यांतील एक बँकेचा जबाबदार अधिकारी, खाते चालविण्याची सोय रिझर्व्ह बँकेच्या सूचनांत आहे. संयुक्त खाते करताना वडिलांचे नाव पहिले ठेवता येते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात पार्किन्सन्सचा समावेश आहे, हेही शाखेत आठवण करून देण्यासारखे आहे. सोय कोणतीही निवडावी. ती त्यांना विचारून निवडावी.

दुसरी जागा म्हणजे देरासर. नवांगी पूजा करताना अनामिकेवरचे केशर प्रतिमेच्या अंगावर ओघळते, प्रक्षाळाच्या वेळी कलश हातातून निसटतो, मागच्या रांगेत कोणी तरी कुजबुजते. आयुष्यभर पूजा न चुकविलेला श्रावक दुसऱ्या दिवशी "आज पाय दुखतो" असे सांगतो आणि मग जाणेच थांबवितो. अठ्ठेचाळीस मिनिटांच्या सामायिकात एका आसनावर बसवत नाही. प्रतिक्रमणातील खमासमणे देताना तोल जातो. आगाशीच्या मुनिसुव्रतस्वामींच्या दर्शनाला सर्व कुटुंब निघते आणि ते म्हणतात, "तुम्ही जाऊन या." घरच्यांना वाटते, थकले आहेत. त्यांना वाटते, आपण धर्मालाही नालायक झालो. या एका विचाराची वेदना कंपापेक्षा मोठी असते आणि ती बहुधा कोणापाशी बोलली जात नाही. पूजा द्रव्याने होते तशी भावानेही होते. खुर्चीवर बसून सामायिक करणारे वृद्ध आज प्रत्येक उपाश्रयात आहेत. करणे, करविणे आणि अनुमोदन देणे यांचे फळ शास्त्रकारांनी जोडीने सांगितले आहे. साधुसाध्वींनी हे शब्द त्यांना प्रत्यक्ष सांगितले तर मुलाने दहा वेळा सांगण्यापेक्षा त्यांचे वजन अधिक पडते. आणि एक लाभ असा की, बारीक झालेल्या आवाजावर वाचा-उपचाराचे मुख्य तत्त्व मोठ्याने बोलण्याचा सराव हेच आहे. सकाळी पूर्ण श्वास भरून, खड्या आवाजात भक्तामर म्हणण्याने स्तोत्रही होते आणि व्यायामही.

आता औषधाच्या वेळा. आपल्या घरांत हा विषय नाजूक आहे, म्हणून त्याला थोडे अधिक सविस्तर पाहिले पाहिजे. कंपवाताचे मुख्य औषध लेव्होडोपा. (मद्रास येथील दामोदरन व रामस्वामी यांनी १९३७ साली खाजकुहिलीच्या बियांतून ते वेगळे केल्याचे प्रसिद्ध केले होते. कोकणच्या रानात वाढणारी हीच ती वेल. म्हणूनच कोणी आणून दिलेले तिचे चूर्ण गोळीच्या जोडीने परस्पर देऊ नये. एकच औषध दोन वाटांनी पोटात जाते.) लेव्होडोपाचा अंमल काही तासांचाच असतो आणि आजार जुना होत जाईल तसा तो आणखी आखूड होतो. अंमल उतरला की शरीर ताठ होते. त्याबरोबर मनही खाली येते. कित्येक रुग्णांना नेमक्या त्या वेळी जीव घाबरा होणे, रडू येणे, सर्व व्यर्थ वाटणे, असे होते. पुढच्या गोळीनंतर तासाभरात तोच मनुष्य बरा बोलू लागतो. घरचे म्हणतात, "यांचा मूड सारखा बदलतो." मूड घड्याळाप्रमाणे बदलत असतो, आठ दिवस वहीत गोळीच्या आणि उदासीच्या वेळा शेजारी शेजारी लिहिल्या तर तो हिशेब स्पष्ट दिसतो. डॉक्टरांकडे जाताना ही वही न्यावी.

आता चौविहार आणि नवकारसी पाळणाऱ्या घराचा विचार करावा. डिसेंबरात आपल्या भागात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि सातच्या सुमारास उगवतो. सूर्यास्तापूर्वी शेवटची गोळी आणि सूर्योदयानंतर अठ्ठेचाळीस मिनिटांनी पहिली, असा नेम धरला तर मध्ये जवळजवळ चौदा तास औषधाविना जातात. रात्री कूस पालटता येत नाही, लघवीला उठता येत नाही, पत्नीला हाक मारण्याइतका आवाज निघत नाही. पहाटेच्या त्या तासांत मनात काय काय येत असेल, याची कल्पना करावी. यावर मार्ग आहेत. काही गोळ्यांचा अंमल लांब राहतो, वेळा पुढेमागे करता येतात. हे डॉक्टरांना नेम सांगूनच विचारावे, कारण नेम माहीत नसलेला डॉक्टर 'रात्री जेवणानंतर' असे लिहून देतो आणि रुग्ण ती गोळी निमूटपणे सोडून देतो. दुसऱ्या बाजूने, पच्चक्खाणात आगार असतात. समाधी टिकावी यासाठी ठेवलेला आगार त्यांतच आहे. आपल्या गुरुमहाराजांना आजार समजावून सांगून विचारले तर मार्गदर्शन मिळते. लाजेने दोघांनाही न विचारणे हा सर्वांत वाईट मार्ग. डाळ, दूध, पनीर यांतील प्रथिने लेव्होडोपाच्या शोषणाआड येतात, म्हणून ती गोळी बहुधा जेवणाच्या अर्धा तास आधी घेण्यास सांगतात. पर्युषणात किंवा दशलक्षण पर्वात उपवासाच्या ओघात गोळ्या एकदम बंद करणे मात्र अत्यंत धोक्याचे आहे. ताप, कमालीचा ताठरपणा आणि बेशुद्धी येथपर्यंत प्रकरण जाऊ शकते. तपस्येची भावना असलेल्या वडिलांना "तुम्ही उपवास करू नका" असे तोडून सांगण्याने आणखी एक दार बंद होते. ऊणोदरी, रसत्याग, द्रव्यांची मर्यादा हीही तपेच आहेत.

नैराश्यावर स्वतंत्र उपचारही आहेत आणि ते कंपवाताच्या रुग्णांना लागू पडतात. नैराश्यावरील काही गोळ्यांच्या या रुग्णांवर रीतसर चाचण्या झालेल्या असून त्यांचा गुण दिसून आला आहे. बोलण्यातून विचारांना वळण देणारी मानसोपचार पद्धतीही उपयोगी ठरली आहे. नियमित व्यायाम दोन्ही आजारांना हितकर ठरतो. गुण येण्यास काही आठवडे लागतात आणि त्या आधीच "काही फरक नाही" म्हणून गोळी सोडणारे बरेच. एक काळजी महत्त्वाची आहे: सेलेजिलीन, रॅसाजिलीन यांसारखी कंपवाताची औषधे आणि नैराश्याची काही औषधे एकमेकांशी बिघडतात. म्हणून मज्जातंतूंचे डॉक्टर आणि मानसोपचारतज्ज्ञ या दोघांनाही सर्व गोळ्यांची यादी दाखवावी. मानसोपचारतज्ज्ञाच्या पाटीखाली कोणी पाहील म्हणून सुरतेला किंवा मुंबईला जाणारी कुटुंबे आहेत. लांब जावे लागले तरी हरकत नाही, पण जावे.

व्यापारी घरांसाठी आणखी एक सूचना, थोडी आडवळणाची. प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल या जातीच्या गोळ्यांनी काही रुग्णांत अनावर ओढ निर्माण होते: जुगाराची, खरेदीची, खाण्याची. ज्याने आयुष्यात सट्ट्याचे नाव काढले नाही, तो मोबाइलवर रात्रंदिवस शेअरचे सौदे करू लागतो. घरात संशय, भांडणे, कर्ज आणि मग लाजेतून खोल उदासी. अशा वेळी स्वभाव बिघडला असे न समजता गोळीचा डोस डॉक्टरांकडून तपासून घ्यावा. मात्र ती गोळीही आपल्या मनाने एकदम बंद करू नये.

आता एक कठीण गोष्ट. नैराश्यातील रुग्ण कधी तरी म्हणतो, "आता पुरे झाले, मला सोडवा." जेवण नाकारू लागतो. आणि आपल्या समाजात एखादा नातेवाईक हळूच संथाऱ्याचा शब्द उच्चारतो. २०१५ च्या ऑगस्टमध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने संथाऱ्याला आत्महत्येच्या पंक्तीत बसविले, तेव्हा देशभर जैन समाजाने मूक मोर्चे काढले आणि त्याच महिन्याच्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयाला स्थगिती दिली. समाजाचे म्हणणे काय होते? संथारा हा मरणाच्या इच्छेतून घेतला जात नाही. तो गुरूंच्या आज्ञेने, पूर्ण जागृतीत, समभावाने घेतला जातो. तत्त्वार्थसूत्रात सल्लेखनेचे जे अतिचार सांगितले आहेत त्यांत मरणाशंसा, म्हणजे लवकर मरण यावे अशी इच्छा, हा स्पष्टपणे एक अतिचार आहे. जे आपण न्यायालयाबाहेर रस्त्यावर उभे राहून सांगितले ते घरातही लक्षात ठेवले पाहिजे. दुःखाने, अपराधभावनेने, ओझे झाल्याच्या भावनेने अन्न सोडणारा मनुष्य समाधीत नाही; तो आजारी आहे आणि त्याला त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे नेले पाहिजे. "मरावेसे वाटते का?" असे सरळ विचारण्याने तो विचार मनात रुजत नाही, उलट अनेकांना कोणी तरी विचारले याचाच आधार वाटतो. केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून दिवसरात्र व विनामूल्य चालू आहे. तेथे मराठीतही बोलता येते. हा क्रमांक रुग्णाच्या पत्नीनेही लिहून ठेवावा.

पत्नीचा उल्लेख आला तो उगाच नव्हे. औषधाच्या वेळा, अंघोळ, बटणे, रात्रीच्या हाका हे सर्व तिच्याकडे असते. तिचे स्वतःचे गुडघे दुखत असतात, तिचा स्वाध्याय सुटलेला असतो, तिला पतीच्या निर्विकार चेहऱ्याकडे पाहून वाटत राहते की आपल्या कष्टांची यांना किंमत नाही. चेहरा आजाराने बांधला गेला आहे हे तिला कोणी सांगितलेले नसते. सासूबाईंच्या जागी पुष्कळ घरांत हे काम सुनेकडे येते. आठवड्यातून एक दुपार मुलाने दुकान बंद ठेवून वडिलांजवळ बसावे आणि आईने व्याख्यानाला, माहेरी, कोठेही जावे; धंद्याचे त्याने फार नुकसान होत नाही.

या सर्वांत बोईसर-पालघरच्या कुटुंबांची अडचण अंतराची आहे. चर्चगेट येथून सुमारे शंभर किलोमीटर. डहाणू लोकलच्या दारात कंपवाताच्या रुग्णाचे पाय जमिनीला खिळल्यासारखे होतात, मागून गर्दी ढकलते, आणि एकदा असे झाले की तो पुढच्या तपासणीला येण्यास नकार देतो. (पाय खिळले असता ओढू नये. फरशीवरची रेघ किंवा पुढे धरलेली काठी ओलांडण्यास सांगितले की पाऊल बहुधा सुटते.) अशा वेळी समाजाने काय करावे, याची उदाहरणे जवळच आहेत. मुंबईतील पारशी समाजात १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत वसाहतींमधील १४,०१० व्यक्तींची घरोघर जाऊन चौकशी झाली आणि कंपवाताचे ४६ रुग्ण सापडले, म्हणजे लाखामागे ३२८. एका छोट्या समाजाने आपल्या आजाऱ्यांची मोजदाद अशी करू दिली. आपल्या संघांच्या डिरेक्टऱ्या दर काही वर्षांनी निघतात. त्यांत गोत्र, गाव, पेढी आणि विवाहेच्छू मुलामुलींची माहिती असते, घरात दीर्घकाळ आजारी कोण आहे याचा रकाना कोठेही नसतो.

मुंबईत मज्जातंतूतज्ज्ञ डॉ. भीमसेन सिंघल यांच्या पुढाकाराने २००१ साली 'पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी' स्थापन झाली. रुग्ण आणि घरचे एकत्र बसून व्यायाम, बोलणे, खेळ करतील अशी केंद्रे ती ठिकठिकाणी चालविते. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. तेथे रुग्ण आणि शुभंकर, म्हणजे त्यांची काळजी घेणारे, दर महिन्याला भेटतात, सहलीला जातात, आणि ११ एप्रिलच्या म्हणजे जेम्स पार्किन्सन यांच्या जन्मदिनाच्या आसपास मेळावा भरवितात. नृत्यकार हृषीकेश पवार यांनी पुण्यातच या रुग्णांसाठी नृत्याचे वर्ग चालविले. कापणाऱ्या हातांची मंडळी एकत्र आली की कोणाला हात लपवावा लागत नाही. चहाचा कप सांडला तर समोरच्याचाही सांडलेला असतो.

बोईसर किंवा पालघरला असे काही सुरू करण्यास मोठा निधी लागत नाही. उपाश्रयाखालचा किंवा वाडीचा हॉल महिन्यातून एका रविवारी, सकाळी साडेदहा ते बारा, कारण त्या वेळी बहुतेकांची सकाळची गोळी लागू झालेली असते. हात टेकून उठता येईल अशा हातांच्या खुर्च्या. जिना नको. निसरड्या लादीवर सतरंजी अंथरू नये, तिच्यात पाय अडकतो. जैन-अजैन असा भेद नको. तारापूरच्या कारखान्यांतील कामगार आणि किनाऱ्यावरच्या गावांतील माणसे यांनाही हा आजार होतो आणि त्यांना मुंबई आणखीच दूर असते.

आणि पेढीवर? तेथे बापूजींना साडेनऊला न आणता, गोळी लागू झाल्यावर अकराला आणावे. गल्ल्याशेजारी बसवून ठेवण्याऐवजी जुन्या उधारीच्या चार गिऱ्हाइकांना फोन लावून त्यांच्या हाती द्यावा. हळू बोलतील, पण त्यांच्या आवाजावर अजूनही वसुली होते. उत्तर येण्यास त्यांना दहा-बारा सेकंद लागतात. तेवढे थांबावे, वाक्य त्यांच्या तोंडून काढून घेऊ नये.